गल्लीतील गटार कोणाच्या अखत्यारीत? महापालिका व नगरपालिका कायदा वाचण्याची रीत

जळगाव असो, धुळे असो की अमळनेर, पालिकेच्या इमारतीत शिरताना जिन्याजवळ ‘नागरिकांची सनद’ या शीर्षकाचा फलक बहुधा दिसतोच. जन्माचा दाखला किती दिवसांत मिळेल, नळजोडणीसाठी कोणाला भेटावे, घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव लावण्यास किती अवधी लागेल, हे त्यावर लिहिलेले असते. फलक उपयोगाचा आहे. पण त्यालाच शहराची सनद मानणारा माणूस पुढे अडखळतो. शहराचा कारभार कोणी चालवायचा, कोणती कामे टाळता येणार नाहीत, पैसा कोणी मंजूर करायचा आणि चुकीचा ठराव कोणी रोखायचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या फलकावर नसते. ते ज्या कायद्यात आहे तो कायदा सामान्य नागरिकाने कसा वाचावा आणि आपल्या गल्लीतील कामासाठी कसा वापरावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

मला ही रीत उशिरा समजली. आमच्या गल्लीतील फुटक्या गटारीसाठी मी एका कार्यालयात चार महिने हेलपाटे घातले. पहिला अर्ज महापौरांच्या नावे दिला, दुसरा नगरसेवकांच्या आणि तिसरा जिल्हाधिकाऱ्यांच्या. तिन्ही अर्जांवर आवक क्रमांक पडला, शिक्का बसला आणि तिन्ही अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन एकाच लिपिकाच्या टेबलावर येऊन थांबले. त्या लिपिकाचा त्यात दोष नव्हता, कारण त्या कामासाठी एक रुपयाही खर्च करण्याचा अधिकार त्याला नव्हता. ज्याला तो अधिकार होता त्याच्या नावे मी अर्जच केलेला नव्हता.

आपल्या शहराला कोणता कायदा लागू आहे, हे सर्वांत आधी ठरवावे. अमेरिकेत अनेक शहरांना स्वतःची सनद असते. मिसुरी राज्याने १८७५ च्या राज्यघटनेने मोठ्या शहरांना आपली सनद आपण तयार करण्याची मुभा दिली आणि १८७६ मध्ये सेंट लुईसच्या मतदारांनी ती स्वीकारली. आपल्याकडेही सनदेने स्थापन झालेली नगरपालिका होऊन गेली आहे. मद्रासची नगरपालिका ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेने १६८८ मध्ये सुरू झाली. मात्र आज महाराष्ट्रातील कोणत्याही शहराला स्वतःपुरती वेगळी सनद नाही. राज्य विधिमंडळाचा कायदा हीच त्याची सनद होय, आणि खान्देशात असे दोन कायदे लागू आहेत. जळगाव आणि धुळे या दोन महानगरपालिका २००३ मध्ये झाल्या. त्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, पाचोरा, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, शहादा, नवापूर या नगरपरिषदांना आणि साक्री, शिंदखेडा, बोदवड, मुक्ताईनगर यांसारख्या नगरपंचायतींना महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू आहे. पहिल्या कायद्याचे कलम दाखवून शिरपूरमध्ये अर्ज केला किंवा दुसऱ्याचे कलम दाखवून धुळ्याच्या देवपुरात अर्ज केला, तर तो अर्ज पहिल्याच टेबलावर कच्चा ठरतो.

नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार तीन वर्ग पडतात. एक लाखाहून अधिक लोकसंख्या असल्यास ‘अ’ वर्ग, चाळीस हजारांहून अधिक पण एक लाखापर्यंत असल्यास ‘ब’ वर्ग आणि चाळीस हजार किंवा त्याहून कमी असल्यास ‘क’ वर्ग. २०११ च्या जनगणनेत भुसावळ आणि नंदुरबार यांनी एक लाखाचा आकडा ओलांडलेला होता. वर्गानुसार समित्यांची रचना आणि खर्चाच्या मर्यादा बदलतात, म्हणून आपल्या नगरपरिषदेचा वर्ग आधी माहीत करून घेणे बरे.

या दोन्ही कायद्यांच्या वर राज्यघटना आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले, पाच वर्षांची मुदत ठरली, निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे गेल्या आणि बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी आली. या यादीविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. हे अठरा विषय घटनेने थेट नगरपालिकांच्या हाती दिले, असे भाषणांतून नेहमी सांगितले जाते. प्रत्यक्षात अनुच्छेद २४३ डब्ल्यू इतकेच म्हणतो की राज्य विधिमंडळ कायद्याने हे अधिकार नगरपालिकांना देऊ शकेल. द्यायचे की नाही आणि किती द्यायचे, हे राज्याच्या हाती राहिले. म्हणून वाद घालताना अनुसूचीवर विसंबून राहू नये. १९४९ किंवा १९६५ च्या अधिनियमात त्या कामाचे कलम आहे काय, ते पाहावे.

कर्तव्य की ऐच्छिक काम?

महानगरपालिका अधिनियमात दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि कलम ६६ मध्ये पालिकेच्या विवेकावर सोडलेली कामे आहेत. रस्त्यांची झाडलोट, कचरा उचलणे, गटारी बांधणे व त्या साफ ठेवणे, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, आग विझवण्याची व्यवस्था, स्मशानभूमी, मंडया, प्राथमिक शिक्षण, जन्ममृत्यूची नोंद ही कामे पहिल्या गटात येतात. वाचनालये, नाट्यगृहे, जलतरण तलाव यांसारखी कामे दुसऱ्या गटात येतात. नगरपरिषदांच्या बाबतीत हीच विभागणी १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये आहे.

ही विभागणी कागदी वाटते, पण अर्जाची भाषा तीच ठरवते. जळगावच्या मेहरूण परिसरात नवे उद्यान हवे असेल तर आपण मागणी करतो, आणि पालिका पैशाअभावी ती पुढे ढकलू शकते. तिथल्याच पिंप्राळ्यातील गटार तुंबली असेल तर आपण मागणी करत नसतो. कायद्याने घातलेले कर्तव्य पार पाडा, असे सांगत असतो. कलम ६३ चे शब्द असे की त्यातील प्रत्येक बाबीसाठी ‘वाजवी व पुरेशी तरतूद’ करणे महानगरपालिकेवर बंधनकारक आहे. ‘विनंती आहे की’ या शब्दांनी सुरू होणारा अर्ज कर्तव्यालाही मेहरबानीच्या पातळीवर आणून ठेवतो, आणि आपल्याकडे दहातले नऊ अर्ज असेच लिहिले जातात याची मला खंत वाटते.

‘निधी नाही’ हे उत्तर कर्तव्याच्या बाबतीत चालते काय? या प्रश्नाचा निकाल गटारीवरूनच लागलेला आहे. आपल्या सीमेपलीकडील मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात एका वस्तीतील रहिवासी उघड्या गटारी, उघड्यावरील शौच आणि मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त सांडपाणी यांनी हैराण झाले होते. त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली आणि दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला मुदत घालून योजना करण्याचा आदेश दिला. आपल्याकडे पैसा नाही, असे सांगत नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने निर्णय दिला की कायद्याने घातलेले सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य टाळण्यासाठी आर्थिक असमर्थतेची सबब पुढे करता येणार नाही. त्या कलम १३३ ची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने घेतली आहे आणि सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा तो मार्ग आजही खुला आहे. जेथे गटारीचे पाणी खरोखर घरात शिरते, जेथे लेकरे आजारी पडतात, तेथे प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजेच उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, या कलमाखाली अर्ज करण्यास कचरू नये. मात्र त्याआधी पालिकेकडे केलेल्या लेखी तक्रारीची पोच हातात असावी.

निर्णय कोणाच्या हाती?

बहुतेक अर्ज वाया जातात ते याच ठिकाणी, म्हणून या भागाला थोडा वेळ द्यावा. महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४ महापालिकेची प्राधिकरणे सांगते, आणि त्यांतील मुख्य अशी: महानगरपालिका म्हणजे सर्व नगरसेवकांची महासभा, स्थायी समिती, प्रभाग समित्या आणि आयुक्त. या यादीत महापौर स्वतंत्र प्राधिकरण म्हणून नाहीत, हे वाचून मलाही आश्चर्य वाटले होते. महापौर नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी निवडले जातात आणि महासभेचे अध्यक्षस्थान भूषवतात. शहराचे प्रथम नागरिक या नात्याने त्यांचा मान मोठा आहे आणि त्यांच्या शब्दाला वजनही असते. परंतु काम सुरू करण्याचा कार्यादेश त्यांच्या सहीने निघत नाही.

कलम ६७ ने कामाची वाटणी केली आहे. शहराचे नागरी शासन महासभेत निहित आहे, आणि कायद्याची अंमलबजावणी करण्याचा संपूर्ण कार्यकारी अधिकार आयुक्तांत निहित आहे. धोरण, अंदाजपत्रकाची अंतिम मंजुरी, करांचे दर ही महासभेची बाजू. कर्मचाऱ्यांकडून काम करून घेणे, नोटीस काढणे, अतिक्रमण हटवणे, देयक अदा करणे ही आयुक्तांची बाजू. यांच्या मध्ये सोळा सदस्यांची स्थायी समिती बसते, आणि आयुक्तांच्या मर्यादेपलीकडील कंत्राटे तिच्या मान्यतेशिवाय होत नाहीत. आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. तथापि एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी विरोधात मत दिल्यास शासनाला त्यांना परत बोलवावे लागते. वर्तमानपत्रातील ‘आयुक्त विरुद्ध नगरसेवक’ या बातम्यांमागे हा आकडा असतो.

तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असणे घटनेनेच आवश्यक केले आहे. २०११ साली जळगावची लोकसंख्या साडेचार लाखांच्या वर आणि धुळ्याची सुमारे पावणेचार लाख होती. म्हणजे दोन्ही शहरे या नियमात येतात. गटार, दिवाबत्ती, झाडलोट अशा लहान कामांचा पाठपुरावा प्रभाग समितीच्या पातळीवर लवकर होतो, तरीही तेथे नागरिक फारसे फिरकत नाहीत.

नगरपरिषदेत तोल निराळा आहे. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतात आणि १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ५८ खाली त्यांना आर्थिक व कार्यकारी प्रशासनावर देखरेखीचे अधिकार आहेत. दैनंदिन प्रशासन मुख्याधिकारी सांभाळतात. त्यामुळे चोपड्यात किंवा शहाद्यात नगराध्यक्षांच्या नावे अर्ज करणे चुकीचे नाही, फक्त त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्यावी. जळगाव-धुळ्यात मात्र अर्ज आयुक्तांच्या नावे करावा आणि प्रत प्रभाग समितीच्या सभापतींना व आपल्या नगरसेवकांना द्यावी.

मुदत संपूनही निवडणूक झाली नाही की प्रशासक येतो. जळगाव आणि धुळे येथे २०१८ मध्ये निवडून आलेल्या सभागृहांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला, तेव्हा महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त या तिन्ही खुर्च्यांचे अधिकार एकाच सहीत आले. त्या काळातील कागद मागवताना महासभेचा ठराव मागू नये, ‘प्रशासकीय ठराव’ असे लिहावे. नाहीतर ‘सदर अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर येते आणि ते अक्षरशः खरे असते.

सगळे अधिकार एका पुस्तकात सापडत नाहीत

वर सांगितलेले दोन अधिनियम वाचून झाले तरी काही गोष्टी हाती लागत नाहीत, कारण त्या इतरत्र आहेत. विकास आराखडा व आरक्षणे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहेत. झाड तोडण्याची परवानगी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालील वृक्ष प्राधिकरण देते, आणि हातगाडीवाल्यांच्या जागेचा प्रश्न २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालील नगर पथविक्रेता समितीपुढे जातो. रस्त्याची मालकी तर नेहमीच आधी तपासावी. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांशी राष्ट्रीय महामार्ग ५३ चा संबंध येतो. महामार्गावरील खड्ड्यासाठी पालिकेत केलेला अर्ज पालिकेने परत पाठवला तर त्यात गैर काही नाही.

पैसा कोठून येतो, हे कळल्याशिवाय मंजुरी कोणाची लागेल हे कळत नाही. एके काळी जकात हा शहरांचा स्वतःचा आधार होता. पुढे स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर शहरे राज्याच्या भरपाई अनुदानावर अवलंबून राहिली. आता मालमत्ता कर व पाणीपट्टी ही पालिकेची स्वतःची मुख्य साधने. त्याशिवाय वित्त आयोगाचे बंधित व अबंधित अनुदान, नगरोत्थान योजना, दलित वस्ती सुधार योजना, आमदार-खासदारांचा निधी असे वेगवेगळे झरे आहेत. बंधित निधी ठरवून दिलेल्या कामांखेरीज खर्च करता येत नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतील काम असेल तर प्रशासकीय मान्यतेसाठी जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत जावे लागते, आणि कधी कधी ते काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडून केले जाते. म्हणून अर्जात नेहमी विचारावे, की हे काम कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या कोणत्या सदराखाली, घेतले जाईल. हा एक प्रश्न विचारला की समोरचा अधिकारी फाइल उघडून बोलू लागतो, असा माझा अनुभव आहे.

अर्ज, सभा आणि तपासणी

अर्जाचा मुख्य मजकूर चार ओळींपेक्षा मोठा नसावा. नमुना असा: ‘प्रभाग क्रमांक अमुक, अमुक गल्लीतील, मारुती मंदिरापासून मुख्य चौकापर्यंतची सुमारे ऐंशी मीटर लांबीची गटार तीन ठिकाणी फुटलेली असून तिच्यावरील दोन ढापे नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये गटारींसाठी वाजवी व पुरेशी तरतूद करणे बंधनकारक आहे. तरी दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार करण्याचे आदेश द्यावेत आणि ते कोणत्या लेखाशीर्षाखाली घेतले जाईल हे लेखी कळवावे.’ सोबत दोन छायाचित्रे जोडावीत, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घ्यावा आणि ती प्रत घरी जपून ठेवावी.

यानंतर सभेकडे लक्ष ठेवावे. महानगरपालिकेत दर महिन्याला आणि नगरपरिषदेत दर दोन महिन्यांनी सर्वसाधारण सभा व्हावी, असे कायदा सांगतो. सभेची विषयपत्रिका मिळवून वाचावी. पहिला विषय बहुधा मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा असतो, आणि तो कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये. मागच्या सभेत झालेला ठराव इतिवृत्तात नेमक्या कोणत्या शब्दांत उतरला, हे तेथेच कळते. शेवटचा विषय बहुधा ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असा असतो. पत्रिकेत आधी न छापलेली कामे या एका ओळीतून आत येतात, म्हणून सभेनंतर ऐनवेळच्या विषयांची यादी आवर्जून मागावी.

ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटत असेल तर तो रोखण्याचीही सोय आहे. महानगरपालिकेचा ठराव अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासन निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करू शकते. नगरपरिषदेच्या बाबतीत कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. अर्जात ठराव क्रमांक, दिनांक आणि ज्या कलमाचा भंग झाला ते कलम या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत; नुसत्या संतापावर ठराव थांबत नाही.

काम मंजूर झाले म्हणजे ते झाले, असे समजू नये. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक या वाटेने प्रत्येक काम जाते, आणि प्रत्येक टप्प्याचा कागद माहितीच्या अधिकारात मिळू शकतो. अर्जाला दहा रुपये शुल्क आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करावे, आणि तेथेही न भागल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे द्वितीय अपील करावे. ‘सर्व कामांची सर्व माहिती’ कधीही मागू नये. एका कामाचा कार्यादेश आणि त्याच्या मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांची साक्षांकित प्रत, एवढेच मागावे. कार्यादेशात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत गटार पुन्हा फुटली तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.

माहितीचा अधिकार कायदा कागदांपुरता थांबत नाही. प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही त्यात आहे. मोजमाप पुस्तिकेची प्रत हाती आली की गल्लीतील दोन शेजारी सोबत घ्यावेत, पन्नास मीटरचा टेप आणावा आणि मारुती मंदिराच्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात करावी. पुस्तिकेतील लांबी, रुंदी, खोली आणि ढाप्यांची संख्या एका बाजूला लिहावी आणि प्रत्यक्ष भरलेली मापे दुसऱ्या बाजूला. दोन्हींत फरक आढळला तर ते कोष्टक तिघांच्या सह्यांनिशी आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना द्यावे, त्याची प्रत पालिकेच्या लेखापरीक्षण विभागाला पाठवावी आणि अंतिम देयक अदा झाले आहे काय, हे त्याच पत्रात विचारावे.